तिसरा प्लग

डिसेंबरात सहा वाजता सक्करदऱ्याला
पोरं उभी असतात, कानटोप्यांत,
आणि माझी व्हॅन सेल्फला चार वेळा खोकते.
पाचव्यांदा लागली तरी पुरती लागत नाही.
हे मला कोणी शिकवलं नाही,
सीटखालून आपोआप अंगात येतं ते:
टक टक,
टक टक,
आणि जिथं तिसरा पाहिजे तिथं खड्डा.
पुलाच्या चढावर स्टिअरिंग थरथरतं.
दुसरीतली ओजस्वी विचारते,
"काकू, व्हॅनला थंडी वाजून राहिली का?"

थंडी नाही गं.
लिटरमागे पंधरा द्यायची, अकरावर आली.
माझ्या वहीत डाव्या पानावर किलोमीटर असतात,
उजव्या पानावर कोणाची फी बाकी.

घाट रोडला, पत्र्याखाली, वासुदेव हेडाऊ.
सीट उचलून त्यांनी हात नुसता वर धरला.
"गरम आहे जी. थांबा अर्धा तास.
तापल्या हेडातून प्लग ओढला तं आटे सोबत येतात."
मग आम्ही चहा प्यायलो,
आणि इंजिन आपल्याच वेळेनं निवलं.

तीन प्लग पेपरावर, ओळीनं.
ओळ मोडली तर कोणाचं दुखणं कोणाचं, कळत नाही.
दरवर्षी ते उन्हात धरून पाहत.
यंदा त्यांनी पेपर माझ्याकडे सरकवला.
"रंग सांगा ताई. दिवाळीपासून
डोळ्यावर साय धरली आहे.
ऑपरेशन उन्हाळ्यात करू म्हणतो."

पहिला. भुरका.
"भुरका म्हणजे? चहाचा, का खर्ऱ्यातल्या काथाचा?"
चहाचा. दूध जास्त पडलेल्या.
"मग आतमंधी सुख आहे. टोक?"
टोकावर त्यांनी स्वतःच अंगठा फिरवला.
कडा गेल्या होत्या, झिजल्या साबणासारख्या.
"ठिणगी कडेवरून उडी मारते, ताई.
गोलाव्यावर तिचा पाय ठरत नाही."
पॉइंट आठची पत्ती फटीत घातली,
ती ढिली, सोबत आणखी एक मावली.
"पाहा. नाला रुंद झाला.
कॉइलनं बिचारीनं किती ढकलावं?"

दुसरा काजळीचा. कोरडी काजळी, बोटाला लागणारी.
"चोक ओढून ठेवता तुम्ही."
ठेवते. सहाला पोरं उभी असतात.

तिसरा ओला होता.
काळा, चकचकीत,
सावजी रश्श्यावर तर्री तरंगते तसा.
तेल म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं.
ते दुखणं प्लगचं नसतं, नवा टाकून जात नाही.
रिंगा, नाहीतर व्हॉल्वची सीलं,
इंजिन खाली, आठ दिवस,
अकरा पोरं,
वहीचं उजवं पान.

मी म्हणाले, "भुरका."

हेडाऊंनी प्लग नाकाशी नेला.
शेजारी वेल्डिंग चाललं होतं, निळं.
ते बराच वेळ हुंगत राहिले,
जसा काही भुरक्या रंगालाही वास असतो.
"बरं," म्हणाले. "भुरका."

नवे तीन त्यांनी खोक्यांतून काढले,
बोटांनीच आट्यांत फिरवत नेले, डोळे मिटून.
"हातानं जाईल तितका हातानं.
अडला तं वाकडा चालला समजायचं,
जोर नाही करायचा."
पाना शेवटी, पाव फेरा.

सेल्फ मारला.
टक टक टक.
मला रडू यावं असं त्यात काही नव्हतं.

पैसे त्यांनी तीन प्लगचेच घेतले.
"महिन्यानं तिसरा काढून आणा.
रंग नका सांगू.
नुसता हातात द्या."

जुना त्यांनी फेकला नाही,
पेपरात गुंडाळून डॅशबोर्डात ठेवला,
खोडरबरं नि बाटल्यांच्या झाकणांत.
दुसऱ्या दिवशी पुलाच्या चढावर
ओजस्वीनं तो उकलला, नाकाला लावला
आणि म्हणाली,
"काकू, याला तुमच्या हाताचा वास येते."